पहिला शुक्रवार

मराठी मिस्सा साडेसहाची.
साडेसातला इंग्रजी असते, म्हणून आमचं शेवटचं गीत
नेहमी थोडं घाईत.
बाकांवर बारा-पंधरा जण, निम्म्याहून जास्त विधवा,
आणि जागा असूनही
मागे उभाच राहणारा पास्कल भालेराव.

मग फादर ऑस्वाल्ड माझ्या तळहातावर डबी ठेवतात.
पितळेची, कुंकवाच्या करंड्याएवढी,
आत मोजून चार.
"वाटेत थांबायचं नाही, मार्कूसराव.
गप्पा तर अजिबात नाहीत."

पण हा नगर रोड आहे, फादर.
शास्त्रीनगरच्या सिग्नलला
देवालाही थांबावं लागतं.
शर्टाच्या आत, बनियनला लागून
डबी आधी गार लागते, मग अंगाइतकी होते,
मग तिचा विसर पडतो.
विसर पडला की मी दचकतो.

खडकीच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं
मी गोळ्यांमध्ये दारू भरली.
तिथंही असंच चालायला शिकवलं होतं :
हळू, छातीशी धरून, कुणाशी न बोलता.

लाझरस ओहोळ टीव्हीचा आवाज बंद करतो, टीव्ही नाही.
फिलोमिना टीचर पाचपासून वेणी घालून बसलेल्या,
मेणबत्ती अर्धी जळलेली.
तिसऱ्या दाराला कुलूप.
शेजारीण म्हणाली, रात्रीच ससूनला नेलं.

शेवटी येरवडा, लक्ष्मीनगर, टाकीच्या मागे
सगुणाबाई गोरडे.
"तू कोणाचा रे?"
"शिमोनचा."
"असं होय," म्हणाली, आणि पुन्हा विचारलं.

बहात्तर साली, राहुरीकडं, खडी फोडायच्या कामावर
हिच्याच फडक्यातली अर्धी भाकर
मी खाल्लेली आहे. नऊ वर्षांचा होतो.
उरलेली अर्धी कोणी खाल्ली
ते तेव्हा पाहिलं नाही.

"ख्रिस्ताचं शरीर."
"आमेन."
मुलांची नावं गेली, नवऱ्याचं गेलं,
हा एक शब्द अजून जागेवर आहे.
तिनं हात पुढं केला. मी ठेवलं.
आणि तिनं ते मोडलं.

पापडाहून पातळ असतं ते, मोडताना वाजत नाही.
तरी त्या खोलीत मला ऐकू आलं.
अर्धं तोंडात घातलं.
अर्धं तिला सांभाळणाऱ्या हौसाच्या हातावर :
"खा गं. सकाळधरून उपाशी असशील."

माझ्या डोक्यातले सगळे नियम एकदम उभे राहिले,
प्रश्नोत्तराच्या वर्गातल्या पोरांसारखे, हात वर करून.
हौसानं माझ्याकडं पाहिलं.
"काका, माझा शुक्रवार असतो.
याचं काय करू?"
हात तसाच उघडा धरलेला,
दुसऱ्याचा दागिना सांभाळायला दिल्यासारखा.

मी ते उचललं, खाल्लं.
त्या दिवशी दुसऱ्यांदा.
मग बोट ओलं करून
तिच्या तळव्यावरचे कण टिपले,
भाग्यरेषेत एक, अंगठ्याखाली दोन.
परक्या बाईचा हात मी असा कधी धरला नव्हता.
तिनं डोळे मिटून घेतले.
का, ते मी विचारलं नाही.

सगुणाबाई चावत होती, दात नसताना, समाधानानं.
"कालच्यापेक्षा बरी झालीय," म्हणाली.
"भाकर?"
"तू कोणाचा रे?"

चर्चमध्ये परतलो तेव्हा
इंग्रजी मिस्सा संपून गेली होती,
तमिळ बायका वेदीपाशी शेवंती मोजत होत्या.
"एक उरलं," मी फादरना म्हणालो.
त्यांनी ते आत ठेवलं, किल्ली फिरवली.
"बाकी सगळं नीट?"

आता काय सांगू.
हौसा म्हातारीच्या चटणीसाठी लसूण सोलत बसली होती
मी गेलो तेव्हा.
"नीट," मी म्हणालो.
जिभेवर अजून लसूण होता.